यादीत कौनास कुठे आहे? एनबीए आणि फिबाला एक खुलं पत्र

प्रति,
श्री. अ‍ॅडम सिल्व्हर, कमिशनर, एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग)
श्री. आंद्रेआस झागक्लिस, महासचिव, फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ)

प्रत माहितीसाठी: श्री. विवेक रणदिवे, मालक, सॅक्रामेंटो किंग्ज (एनबीएतला संघ)

विषय: युरोपातल्या नव्या बास्केटबॉल लीगसाठी शहरं निवडण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल माफी मागत नाही. तुम्ही दोघं ते वाचणार नाही हे धरूनच चाललोय. पण तुमच्या संघमालकांच्या बैठकीत रणदिवे आडनावाचे एक गृहस्थ बसतात, जन्म मुंबईचा. मला जे सांगायचंय त्याचा अर्धा भाग त्यांनी स्वतः जगून दाखवलाय. त्यांच्या कानावर घालायला मराठीच बरी.

मी मूळचा भायखळ्याचा, गेली अकरा वर्षं बर्लिनमध्ये राहतो. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो आणि हिवाळाभर मुलाला घेऊन इथल्या बास्केटबॉल क्लबाचे, अल्बा बर्लिनचे, सामने बघतो. मी पत्रकार नाही, कुठल्या क्लबाचा पगारीही नाही. तिकीट काढून बसणारा माणूस.

२७ मार्च २०२५ला तुम्ही दोघांनी मिळून जाहीर केलंत की युरोपात नवी लीग काढण्याच्या दिशेने एनबीए आणि फिबा एकत्र पावलं टाकतायत. साधारण सोळा संघ, त्यातले बारा कायमचे आणि चार दर वर्षी खेळून आत येणारे. सामना फिबाच्या नियमांनी, चाळीस मिनिटांचा. सुरुवात ऑक्टोबर २०२७ला करायचा मानस. तेव्हापासून जी नावं ठळकपणे कानावर येतात ती अशी: लंडन, मँचेस्टर, पॅरिस, लियों, माद्रिद, बार्सिलोना, रोम, मिलान, बर्लिन, म्युनिक, अथेन्स, इस्तंबूल. कायमच्या जागेसाठी पन्नास कोटी ते शंभर कोटी डॉलर मोजावे लागतील असे आकडे वर्तमानपत्रांतून फिरतायत.

यादी वाचून मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बोट ठेवून कौनास शोधलं. नाही सापडलं.

कौनास हे लिथुएनियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे त्याला कुणी शहरही म्हणणार नाही. शहराच्या मधोमध नेमुनास नदी, नदीत एक बेट आणि बेटावर पंधरा हजारांच्या वर माणसं बसतील एवढी झाल्गिरियो अरेना. ती भरते. युरोपात सर्वाधिक प्रेक्षक ओढणाऱ्या मोजक्या क्लबांत इथल्या झाल्गिरिसचं नाव वर्षानुवर्षं असतं. तीन लाखांच्या गावात पंधरा हजार म्हणजे दर वीस माणसांमागे एक जण त्या संध्याकाळी त्याच छपराखाली. लंडनमध्ये हे प्रमाण लावायचं तर साडेचार लाख खुर्च्या लागतील.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी तिथे गेलो होतो. विल्नियसहून बस, बाहेर नुसतं पांढरं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. गळ्यात हिरवा-पांढरा विणलेला मफलर, एका कडेला टाके चुकलेला. नातू सोबत होता, त्याला इंग्रजी येत होतं. त्याने सांगितलं, हा मफलर आजीने १९८५ साली विणला, त्याच वर्षी आजोबांनी शेजाऱ्यांसाठी टीव्ही खिडकीत तोंड बाहेर करून ठेवला होता. टाइमआउटमध्ये आजींनी विचारलं, कुठला? म्हटलं, भारतातला, मुंबईचा. त्यांचा पुढचा प्रश्न, तुमच्या शहराचा संघ कुठला? मी म्हटलं, नाही, बास्केटबॉलचा तसा संघ नाही. नातवाने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. आजी माझ्याकडे असं बघायला लागल्या जसं काही मी घरातलं कुणी गेल्याचं सांगितलंय. मग पर्समधून एक लिमलेटची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

१९८५चा अर्थ तुमच्या सल्लागारांना कळावा म्हणून सांगतो. तेव्हा लिथुएनिया सोव्हिएत संघात होता. झाल्गिरिस या नावातच गंमत आहे. १४१०च्या ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुएनियाने मिळून ट्यूटॉनिक सरदारांचा पराभव केला. ग्रुनवाल्ड म्हणजे हिरवं रान, आणि झाल्गिरिस हे त्याचंच लिथुएनियन रूप. सोव्हिएत साहेबांना जर्मनांच्या पराभवाचं नाव खटकलं नाही, आणि लोकांनी आपलं ओळखलं. १९८५, १९८६ आणि १९८७, सलग तीन वर्षं या क्लबाने मॉस्कोच्या सीएसकेएला, म्हणजे लष्कराच्या क्लबाला, मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद आणलं. मध्ये उभा होता कौनासचाच एक सव्वासात फुटी मुलगा, अर्वीदास सबोनिस. झेंडा फडकवायला बंदी असलेल्या देशात हिरव्या मफलरला बंदी घालता येत नव्हती. पुढे १९९९मध्ये झाल्गिरिसने युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकली. सबोनिस एनबीएत पोर्टलंडकडून खेळून आला आणि २००३-०४चा हंगाम परत याच क्लबासाठी खेळला. चाळिशीला टेकलेला, गुडघे आणि टाचा कामातून गेलेल्या, आणि तरी त्या वर्षी युरोलीगच्या साखळी फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हा सगळा हिशेब शंभर कोटी डॉलरच्या चौकटीत कुठे मांडायचा? मला तुमच्याशी भांडायचंय ते एवढ्याच गोष्टीवरून. तुम्ही शहरांकडे प्लॉट म्हणून बघताय. क्षेत्रफळ किती, रस्ता किती रुंद, विमानतळ किती लांब, आसपासच्या लोकांची ऐपत काय. बिल्डर बघतो तसं. मात्र यातल्या बऱ्याचशा प्लॉटवर आधीच घर आहे, आत दिवा लागलाय आणि चूल पेटलीय.

सगळीकडे नाही, हे मान्य. लंडनचं उदाहरण घ्या. तिथे प्लॉट खरंच मोकळा आहे. २०००च्या सुमारास लंडन टॉवर्स नावाचा संघ दोन वर्षं युरोलीगमध्ये खेळला, क्रिस्टल पॅलेसच्या हॉलमध्ये, आणि मग विरला. ब्रिटनची व्यावसायिक लीग २०२४मध्ये मालकाच्या आर्थिक घोळापायी कोसळली आणि क्लबांना नव्याने मोट बांधावी लागली. आणि त्याच शहरात २०११पासून तुमचे सामने ओटू अरेनात हाउसफुल जातात. म्हणजे माणसं आहेत, भूक आहे, ताट नाही. लंडनमध्ये आणि मँचेस्टरमध्ये तुम्ही उद्या नवा संघ काढलात, नवं नाव, नवा रंग, तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन.

बर्लिन मात्र लंडन नाही. या शहराचं बास्केटबॉलशी नातं तर ऑलिम्पिकइतकं जुनं. १९३६ला हा खेळ पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आला तो इथेच. उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टवर. अंतिम सामन्याच्या दिवशी धो धो पाऊस, चिखलात चेंडू टप्पाच घेईना, अमेरिकेने कॅनडाला हरवलं ते १९-८ असं. खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ त्या स्पर्धेला हजर होते. बिचाऱ्यांना काय वाटलं असेल!

अल्बा बर्लिन १९९१चा क्लब. नाव कचरा आणि भंगार उचलणाऱ्या कंपनीचं, प्रायोजक म्हणून आलं आणि चिकटलं. पुण्या-मुंबईत कचऱ्याच्या कंपनीच्या नावाने गर्जना करायला कुणी तयार होईल का, बघा विचार करून. १९९५मध्ये त्यांनी कोराच चषक जिंकला, जर्मन क्लबाचं ते पहिलं युरोपीय विजेतेपद. पण मला अल्बा कळला तो २०२०च्या मार्चमध्ये. शाळा बंद, माझा मुलगा तेव्हा बालवाडीत, दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं. तेव्हा या क्लबाच्या तरुण प्रशिक्षकांनी यूट्यूबवर रोज मुलांसाठी व्यायामाचा तास सुरू केला. बालवाडीसाठी वेगळा, मोठ्या मुलांसाठी वेगळा. सकाळी मी एका खोलीत ऑफिसची मीटिंग करायचो आणि भिंतीपलीकडे पोरगं बेडकासारखं उड्या मारायचं. संघाचे सामने बंद, कमाई बंद, आणि तरी क्लब हे करत होता, कारण शाळांत आणि बालवाड्यांत जाऊन शिकवणं हे त्यांचं नेहमीचंच काम. फ्रांझ आणि मोरित्झ वाग्नर हे दोघे भाऊ याच शहरातले, याच क्लबात वाढलेले. १५ जानेवारी २०२६ला तुम्ही ओरलँडो आणि मेम्फिसचा सामना बर्लिनला आणलात, जर्मनीतला एनबीएचा पहिला अधिकृत हंगामी सामना, तेव्हा सगळं शहर ज्यांच्यासाठी वेडं झालं ते हेच दोघे.

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारावर क्लाट्शपापे चिकटवलेले आहेत. हा जर्मन लोकांचा शोध. जाड कागद पंख्यासारखा दुमडायचा आणि तळहातावर आपटायचा, टाळ्यांच्या दसपट आवाज. खुर्चीवर आधीच ठेवलेला असतो, त्यावर खेळाडूंची नावं. मुलगा दर सामन्याचा एक जपून आणतो. मध्यंतरात पोरं बिअरचे रिकामे ग्लास गोळा करत फिरतात, कारण ग्लासाच्या डिपॉझिटचे पैसे परत मिळतात. दोन-चार ग्लासांत एक प्रेत्सेल सुटतो. अरेना तीच, तुमचा सामना झाला ती. फक्त त्या रात्री तिथे बसणारी माणसं वेगळी होती आणि तिकिटांच्या किमतीही. तो सामना आम्ही घरी सोफ्यावर बसून पाहिला. क्लाट्शपापे आपटून मुलाने खालच्या मजल्यावरच्या बाईंना वर यायला लावलं.

हा अल्बा २०२५मध्ये युरोलीगमधून बाहेर पडला आणि फिबाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेला. झागक्लिससाहेब, तुमच्यावर विश्वास ठेवून गेला. बर्लिनला जागा द्यायची तर ती याच घराच्या दारातून द्या. शेजारी टोलेजंग इमारत उठवून जुन्या घराचा उजेड अडवू नका.

आता आमच्याकडची गोष्ट. आयपीएल आली तेव्हा चेन्नईला, मुंबईला क्लब नव्हतेच. रणजीचे संघ होते, पण ते बघायला फारसं कुणी जात नव्हतं. प्लॉट मोकळा होता म्हणून इमारत उभी राहिली. तरीही पुण्याचं काय झालं? २०११ला पुणे वॉरियर्स आले, २०१३ला गेले. २०१६ला रायझिंग पुणे सुपरजायंट्स आले, तेही दोनच वर्षांच्या बोलीवर. २०१७ला अंतिम सामन्यात एका धावेने हरले आणि हंगाम संपताच बाडबिस्तरा आवरून नाहीसे झाले. माझा मेहुणा पक्का पुणेकर. दोन्ही वेळा जर्सी विकत घेतली, दोन्ही वेळा पोरांना गहुंज्याच्या स्टेडियमवर नेलं, परतीच्या ट्रॅफिकमध्ये अडीच तास काढले. आता पहिली जर्सी स्कूटर पुसायला आहे आणि दुसरी माळ्यावर. तिसऱ्यांदा संघ आला तर? असं विचारलं की तो फक्त ‘बघू’ म्हणतो. पुणेकराच्या ‘बघू’चा अर्थ तुम्हाला कुणीतरी समजावून सांगा. त्या एका शब्दाची किंमत तुमच्या कुठल्याही कोष्टकात धरलेली नाही.

लांब कशाला, तुमच्या शेजारच्या दुकानाने युरोपात हे करून पाहिलंय. अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी १९९१मध्ये लंडन, बार्सिलोना, फ्रँकफर्ट अशी शहरं घेऊन संघ काढले. लंडन मोनार्क्सनी पहिलीच स्पर्धा वेम्बलीवर जिंकली आणि १९९८मध्ये तेच मोनार्क्स बंद झाले. त्यांच्या जागी बर्लिन थंडर उभे केले. बार्सिलोनाचा संघ २००३ला गेला. शेवटी उरले सहा, त्यातले पाच जर्मनीत आणि एक अ‍ॅमस्टरडॅमचा, आणि २००७च्या जूनमध्ये दुकानाचं शटरच खाली. पैसे कमी पडले म्हणून नाही बुडालं ते. मधली दोन वर्षं सोडली तर १९९१पासून २००७पर्यंत पैसे ओतले होते. पण खेळाडू तिथून पाठवलेले, हंगाम संपला की परत जाणारे. लोकांना जीव लावायला काही उरतच नव्हतं.

२०२१च्या एप्रिलमधलं फुटबॉलचं सुपर लीग प्रकरण तर तुम्हाला पाठच असेल. कायमच्या जागा, दारं बंद, मोठी शहरं, मोठी बँक. दोन-तीन दिवसांत इंग्लंडच्या रस्त्यांवर उतरलेल्या लोकांनी त्याचा निकाल लावला. तुम्ही त्यातून शिकलात, चार जागा उघड्या ठेवल्यात. त्याबद्दल खरोखर आभार. पण चार जागा आणि तीही एकेका वर्षाची, हे भाडेकरूला अकरा महिन्यांच्या करारावर ठेवण्यासारखं झालं. एका वर्षाच्या भरवशावर कुठला क्लब चांगला खेळाडू तीन वर्षांसाठी बांधून घेईल? कुठला महापौर अरेनाच्या छपराला पैसे देईल? खेळून आत आलेल्याला निदान तीन हंगाम मिळाले पाहिजेत. आणि त्या तीनांत त्याने प्रेक्षक आणले, हिशेब नीट ठेवला, पोरं घडवली, तर कायमच्या जागेचं दार त्यालाही उघडलं पाहिजे. चेक नंतर, आधी हे. मागणी म्हणाल तर माझी ही एकच. बाकी सगळं तिच्या पोटातलं.

युरोलीगची वकिली मी करत नाहीये. त्यांनी तरी काय केलं? २०१६मध्ये अकरा क्लबांना दहा-दहा वर्षांचे परवाने वाटले, म्हणजे कायमचा पाट मांडायची युक्ती त्यांचीच. २०२५चा अंतिम सोहळा अबू धाबीला नेला. दुबईच्या नव्या कोऱ्या संघाला आत घेतलं, संघ वीस केले, साखळीच्या फेऱ्या अडतीस. वर देशातली लीग वेगळी. खेळाडू विमानातच म्हातारे व्हायचे. आणि बहुतेक क्लब तोट्यात. माद्रिद आणि बार्सिलोनाचा तोटा फुटबॉल भरतं, बाकीच्यांचा कुणीतरी श्रीमंत माणूस हौस म्हणून भरतो. तेव्हा बाहेरून कुणीतरी येऊन खेळ नीट विकायला हवा, हे तुमचं म्हणणं मला पटतं. एवढा लोकप्रिय खेळ आणि गल्ल्यात खडखडाट, यात शहाणपण काही नाही.

फिबाचेही हात यात स्वच्छ नाहीत. २०००मध्ये मोठे क्लब फिबापासून फुटून निघाले तेव्हा एकाच हंगामात युरोपात दोन विजेते झाले, फुटलेल्यांकडे बोलोन्याचा व्हिर्टुस आणि फिबाकडे तेल अवीवचा मकाबी. पुढे २०१७पासून राष्ट्रीय संघांचे पात्रता सामने नोव्हेंबर-फेब्रुवारीत टाकले आणि ऐन हंगामात ओढाताण सुरू झाली. खेळाडूने क्लबाची जर्सी घालायची की देशाची? कौनासच्या आजींना हा प्रश्न कसा वाटत असेल, विचार करा. नव्या लीगचं वेळापत्रक तुम्ही दोघं मिळून लावणार असाल तर एवढी एक गाठ सुटेल, आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी तुमच्या बाजूला उभा राहायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र ऐकून घ्या. २०१९ ते २०२४ या सहा हंगामांत एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू पाच वेळा युरोपचा निघाला. यान्निस दोनदा, योकिच तीनदा. योकिच कुठला? सोम्बोर, सर्बियातलं एक तालुक्याएवढं गाव. डॉनचिच ल्युब्ल्यानाचा, तेराव्या वर्षी माद्रिदला गेलेला. नोविट्स्की व्युर्त्सबुर्गचा. त्याआधीचा द्राझेन पेट्रोविच शिबेनिकचा, समुद्राकाठच्या बंदराचा. तुमच्या बारा शहरांतून यातला फक्त यान्निस निघतो, अथेन्सच्या सेपोलियातला. तोही तिथल्या दोन बड्या क्लबांच्या हाती लागला नव्हता. पोरगं दुसऱ्या फळीतल्या फिलाथ्लितिकोसकडे खेळत होतं. ही गावं म्हणजे तुमची रोपवाटिका. आणि रोप उचलून नेताना तुम्ही तिला काय देता? करार मोडण्याच्या भरपाईत एनबीएचा संघ ठरावीक मर्यादेपर्यंतच पैसे भरतो, वरची रक्कम पोराच्या स्वतःच्या कमाईतून जाते. आता तर अमेरिकेतली कॉलेजं पैसे दाखवून अठरा-एकोणीस वर्षांची पोरं नेतात आणि क्लबाच्या हाती बहुतेकदा काहीच लागत नाही. तुमची लीग आली तर ही पोरं घराजवळ राहतील असं तुम्ही म्हणता. राहतील कदाचित, पण कुणाच्या घराजवळ? कायमच्या जागेसाठी जे शंभर कोटी येणार आहेत त्यातला ठरलेला वाटा या रोपवाटिकांना जाईल, असं कलमात लिहा. तुमच्या घोषणेतली ‘व्यवस्थेला आर्थिक पाठबळ’ ही भाषा आम्ही सरकारी जाहिरातींत खूप वाचलीय.

मी हे इतकं तावातावाने का लिहितोय याचं मूळ नागपाड्यात आहे. भायखळ्याहून चालत गेलं की नागपाडा. तिथलं बच्चू खान मैदान, मस्तान वायएमसीएचं कोर्ट. मटणाच्या दुकानांच्या आणि स्पेअर पार्टवाल्यांच्या गर्दीत सिमेंटच्या त्या तुकड्यावर रात्री दिवे लावून जो बास्केटबॉल चालायचा तो मुंबईत दुसरीकडे कुठे नव्हता. भारताचे कर्णधार राहिलेले, १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर याच गल्ल्यांतले. आम्ही पोरं भिंतीवर बसून बघायचो. पडलं की गुडघ्याची साल सिमेंटवर राहायची, आणि वरच्या गॅलरीतून एक खाला हळदीची पूड कागदात बांधून खाली टाकायच्या. एवढ्या मोठ्या शहरात एका मोहल्ल्याने तो खेळ पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवला, कुणी सांगितलेलं नसताना.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही मुंबईत आलात. ४ आणि ५ तारखेला वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि रणदिवेसाहेबांचे सॅक्रामेंटो किंग्ज. पहिल्या दिवशी तीन हजार शाळकरी पोरं गॅलरीत, सामना ओव्हरटाइममध्ये, निकाल एका गुणाचा. माझा भाचा त्यात होता. दोन दिवस घसा बसला होता त्याचा. त्यानंतर तुमचा संघ मुंबईत परत आला नाही. वरळीहून नागपाडा टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. मुंबई यादीत नाही म्हणून मी रडत नाही. मुंबई युरोपात नाही एवढं भूगोलाचं ज्ञान मला आहे. पण डोममधला झगमगाट आणि नागपाड्याचं सिमेंट यांतला फरक मला लहानपणीच कळलेला आहे, आणि कौनास हे माझ्या लेखी नागपाड्याचं मोठं भावंड आहे. एवढंच, की तिकडे त्या मोहल्ल्याला पंधरा हजार खुर्च्या मिळाल्या.

यादीत नसलेल्या बेलग्रेडबद्दल, सर्बियाच्या राजधानीबद्दल, मुद्दाम कमी लिहितोय, कारण त्यांना वकिलाची गरज नाही. तिथल्या पार्टिझान क्लबाच्या सामन्याला अठरा-वीस हजार माणसं जमतात आणि एवढ्या माणसांचा आवाज तुमच्या सल्लागारांच्या तक्त्यात मावत नसेल तर दोष तक्त्याचा. अथेन्सचंही तेच. झागक्लिससाहेब, तुम्ही ग्रीक आहात. पानाथिनाइकोस आणि ऑलिंपियाकोस यांतला एकच घेऊन ‘अथेन्स झालं’ असं म्हणायची हिंमत तुमची तरी होईल का?

सिल्व्हरसाहेब, १५ मे २०१३ हा दिवस आठवा. तेव्हा तुम्ही कमिशनर डेव्हिड स्टर्न यांचे उपकमिशनर होतात. सॅक्रामेंटोचा संघ सिॲटलला हलवायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. सिॲटल मोठं, श्रीमंत, सॉफ्टवेअरवाल्यांचं. सॅक्रामेंटो पाच लाखांचं, सरकारी कचेऱ्यांचं गाव. कागदावर सामना एकतर्फी होता. पण तिथले लोक घंटा वाजवत रस्त्यावर आले, महापौराने कंबर कसली, आपले रणदिवे पैसे घेऊन उभे राहिले आणि मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी संघ तिथेच ठेवला. त्यानंतरही कित्येक वर्षं तो संघ हरतच होता. २००६पासून मोजले तर सलग सोळा हंगाम प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, नाही! तरी लोक येत राहिले. २०२३मध्ये एकदाचे प्लेऑफला पोहोचले तोवर जिंकल्यावर आकाशात जांभळा झोत सोडायची त्यांची रीत जगाला माहीत झाली होती. त्या २२ मतांच्या वेळी तुम्ही लोकसंख्या मोजली नव्हती. आणि २०२५चं विजेतेपद कुणी नेलं? ओक्लाहोमा सिटी. ते तुमच्या ‘मोठ्या बाजारपेठेच्या’ व्याख्येत कधी बसलं होतं?

उत्तराची घाई नाही. शुक्रवारी अल्बाचा सामना आहे, मुलाच्या वर्गातली दोन पोरं सोबत न्यायचीत आणि त्यातल्या एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा माझं डोकं तूर्त तिकडे आहे.

आपला,
भायखळ्याचा एक बर्लिनकर

ता. क. रणदिवेसाहेब, बैठकीत कौनासचा विषय निघाला तर हात वर करण्याआधी एकदा जाऊन या. जानेवारी-फेब्रुवारीत जा, थंडी हाडात शिरते, जाड कोट घ्या. मधल्या रांगांचं तिकीट काढा, पाहुण्यांच्या काचेच्या खोलीत बसू नका. शेजारी हिरव्या मफलरच्या आजी असल्या आणि तुमच्या शहराचा संघ कुठला असं त्यांनी विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर आहे. माझ्याकडे नव्हतं. गोळी मात्र घ्या, लिंबाची असते.